जोड-कार्ब्युरेटरची वही : बीटल, १५८४ सीसी, पुणे

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

दिवाळी आटोपली, शेड रिकामी झाली. आजपासून ही वही.

गाडी फोक्सवॅगन बीटल, बॉडी १९६९ ची, स्टिअरिंग उजवीकडे. इंजिन मूळचं नाही. आधीच्या एका मालकाने नंतरच्या काळातलं १६०० चं ट्विन-पोर्ट इंजिन बसवलं. बोअर ८५.५ मिलिमीटर, स्ट्रोक ६९, म्हणजे १५८४ सीसी. पंख्याचं पत्र्याचं आवरण मात्र जुन्या इंजिनाचंच ठेवलं, त्यामुळे ऑइल कूलर आवरणाच्या आत, ३ नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा आहे. ३ नंबरला कूलरवरून आलेली गरम हवा मिळते. कंपनीने हा कूलर १९७१ च्या मॉडेलपासून बाहेर काढून वेगळ्या कप्प्यात बसवला. माझ्याकडे अजून जुनीच रचना आहे, हे पुढे सारखं लक्षात ठेवायचं.

सोलेक्स ३४ पिक्ट-३ हा इंजिनाच्या मधोमध बसणारा कार्ब्युरेटर. त्याच्यापासून दोन्ही हेडपर्यंत, म्हणजे दोन्हीकडच्या सिलिंडरांवरच्या झाकणांपर्यंत, लांब नळ्या जातात. वाटेत पेट्रोल नळीला धरून थेंब होऊ नये म्हणून एक्झॉस्टची ऊब आणणारी बारीक नळी असते. माझी काजळीने गच्च बंद आहे. थ्रॉटलच्या, म्हणजे पाय दिला की उघडणाऱ्या झडपेच्या, दांड्याला इतका खेळ आहे की बोटाने ढकलला तरी आयडलिंग, म्हणजे पाय न देता इंजिनाची चाल, बदलतं. त्याला नवे बुश टाकून घेणार आहे, तो कार्ब्युरेटर फेकायचा नाही. पण प्रत्येक हेडवर स्वतःचा कार्ब्युरेटर आणि हवेला आखूड वाट, हे मला फार दिवसांपासून करून बघायचं होतं. वेबर ३४ आयसीटीचा जोड आणलाय. खोकं टेबलावर आहे.

मामा संध्याकाळी येऊन गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. खोक्याकडे बघून म्हणाले, "ते राहू दे बंद. आधी इंजिन बघ. नाहीतर टॅपेटचा दोष जेटमध्ये शोधत बसशील."

म्हणून आज फक्त इंजिन. रात्रभर थंड झालेलं असतानाच टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, ०.१५ मिलिमीटरवर लावले. २ नंबरचा एक्झॉस्ट जवळजवळ बंद होता, तो फार दिवस तसा चालला असता तर व्हॉल्व्ह जळाला असता. नंतर इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं: ११८, १२०, ११५, ११९ पीएसआय. ३ नंबर किंचित कमी, पण या इंजिनाला हे आकडे चांगले आहेत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी किती अंश आधी पडते ते. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर ००९ जातीचा, फक्त वजनांवर पुढे सरकणारा, व्हॅक्यूमचा डबा नसलेला. पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटर. याचं टायमिंग आयडलिंगला लावून उपयोग नाही, रेसवर पूर्ण पुढे गेल्यावर ते किती होतं ते बघायचं. माझ्या पुलीवर अंशांच्या खुणा नाहीत. पुलीचा घेर कागदाच्या पट्टीने मोजला, पट्टीचे बारा सारखे भाग केले. एक भाग म्हणजे ३० अंश. तिथे पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

टायमिंग लाइटखाली ३२०० फेऱ्यांवर रेघ केसच्या जोडावर आली तेव्हा डिस्ट्रिब्युटर आवळला. आयडलिंगला ते आठच्या आसपास उतरतं. वजनांच्या स्प्रिंगा अडकत नाहीत ना हे रेस चारदा वर-खाली करून पाहिलं. दरवेळी रेघ त्याच जागी परत आली.

रविवार, ९ नोव्हेंबर

जुना कार्ब्युरेटर आणि नळ्या काढल्या. हेडवर आत कापडाचे बोळे ठेवले आणि किती ठेवले ते वहीत लिहिलं: चार. काढतानाही चार मोजले. वॉशर किंवा नट त्या भोकातून आत गेला तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

जोडातली जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळेची भोकं, काढून त्यांवरचे आकडे वाचले. मेन १३०, आयडल ५०, दोन्ही बाजूंना सारखी. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. फ्लोटची, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची, उंची दोन्हीकडे मोजली, डावीकडची जवळजवळ एक मिलिमीटरने वेगळी निघाली. जीभ हलकेच वाकवून दोन्ही सारख्या केल्या. नवं सामान खोक्यातून काढून थेट बसवायचं नाही, हे मामांचं म्हणणं इथे खरं ठरलं.

पेट्रोलचा दाब. इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा दाब गेजवर ४.८ पीएसआय आला. वेबरच्या सुईला तीन-साडेतीनच्या वर झेपत नाही. सुई उचलली जाते, फ्लोटची वाटी भरून वाहते आणि माणूस मिक्श्चरच्या स्क्रूशी झटत बसतो. पंपाखाली जास्तीचे कागदी गॅस्केट घातले की आतल्या दांड्याचा पंपावरचा ढकल कमी होतो. दोन गॅस्केट वाढवले, दाब ३.२ वर आला.

पेट्रोलचे सगळे होज बदलले. जुने कापडी वेणीचे, वरून ठीक दिसत होते. वाकवल्यावर आत भेगा. नवे इथेनॉल सोसणारे घेतले, प्रत्येक टोकाला क्लिप. फिल्टर इंजिनाच्या खोलीतून काढून पुढे, टाकीजवळ नेला. या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. पेट लागली तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. पावडरचा विझवणारा सिलिंडर शेडच्या दाराशी लावल्याशिवाय आज चावी फिरवायची नाही असं ठरवलं होतं. तो लावेपर्यंत अंधार पडला. चावी पुढच्या आठवड्यात.

रविवार, १६ नोव्हेंबर

चालू झाली!

मिक्श्चरचे स्क्रू दोन्हीकडे हळू आत टेकवून दोन-दोन फेरे बाहेर. आयडलचे स्क्रू लिव्हरला टेकल्यावर अर्धा फेरा आत. या जोडाला चोक नाही. पेडल तीनदा दाबून कार्ब्युरेटरमधल्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं पेट्रोल आत टाकलं, चौथ्या सेल्फला पकडली. पाच-सात मिनिटं पाय ठेवून धरावी लागली, मग स्वतःच्या पायावर उभी राहिली. लेक मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, आवाज बदलला." खरंच बदलला आहे. आधी घशातून यायचा, आता दोन्ही खांद्यांवरून येतो.

पूर्ण गरम झाल्यावर दोन्ही कार्ब्युरेटर जुळवायला घेतले. आधी मधला जोडदांडा काढून टाकायचा, म्हणजे प्रत्येक कार्ब्युरेटर आपापल्या स्क्रूवर उभा राहतो. हवा मोजायला गोगलगायीच्या शंखासारखा मीटर आहे, कार्ब्युरेटरच्या तोंडावर दाबून धरला की ताशी किती किलो हवा ओढली जाते ते काटा सांगतो. उजवा ५, डावा साडेतीन. डाव्याचा स्क्रू थोडा आत, उजव्याचा थोडा बाहेर, असं करत दोन्ही सव्वाचारवर.

काटा स्थिर राहत नाही, थरथरतो. कारण शोधायला कागदावर फायरिंग ऑर्डर लिहिली: १-४-३-२. १ आणि २ उजव्या बाजूचे, ३ आणि ४ डाव्या. म्हणजे डावीकडे ४ आणि ३ लागोपाठ ओढतात, उजवीकडे २ आणि १ लागोपाठ. प्रत्येक कार्ब्युरेटरला दोन घोट एकदम आणि मग विश्रांती. थरथर त्या इंजिनाच्या श्वासाची आहे, बिघाड नाही. काट्याच्या हेलकाव्याचा मध्य धरायचा.

मामांनी मीटर हातात घेतला, बघितला, परत दिला. खिशातून हातभर रबरी नळी काढली, एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. ऐंशीच्या दशकात राजदूत ३५० आली तेव्हा तिचे दोन कार्ब्युरेटर त्यांनी असेच जुळवले, शेकड्यांनी. डोळे मिटून डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे ऐकलं. "उजवा अजून अर्धा आणा जास्त पितोय." मीटर लावला. उजवा साडेचार, डावा सव्वाचार. मी दोन्ही सारखे केल्यावर मधल्या काळात इंजिन आणखी तापलं होतं.

त्या नळीचा आवाज मीही ऐकायला शिकतो आहे. सारखी हवा असेल तर दोन्हीकडचा सुस्कारा एकाच सुरात येतो. जास्त ओढणारा किंचित वरच्या सुरात. लेकीला तो फरक माझ्या आधी कळला. गाणं शिकते त्याचा फायदा असावा.

रविवार, २३ नोव्हेंबर

आठवडाभर ऑफिसला हीच गाडी. पूर्ण पाय दिला की छान ओढते, जुन्यापेक्षा नक्की मोकळी. पण सिग्नलवरून निघताना, पाय जेमतेम ठेवला की एक खड्डा पडतो. अर्धा सेकंद गाडी काहीच करत नाही, मग एकदम उचलते. रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट.

मिक्श्चरचे स्क्रू नीट लावायचा प्रयत्न केला. स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन मंदावून लंगडं होईपर्यंत. मग बाहेर, फेरे सगळ्यांत जास्त आणि चाल सगळ्यांत गुळगुळीत होईपर्यंत. ती जागा दीड ते अडीच फेऱ्यांच्या मध्ये यायला हवी. माझी उजवीकडे तीन, डावीकडे चार. अडीचच्या पलीकडे जावं लागतं याचा अर्थ आयडल जेट लहान पडतंय, किंवा कुठून तरी चोरून हवा येतेय.

हा खड्डा नेमका कुठे आहे ते समजून घेतल्याशिवाय काही बदलायचं नाही. थ्रॉटलची चकती बंद असते तेव्हा तिच्या काठाच्या जरा वर दोन-तीन बारीक भोकं असतात. पाय दिला की चकतीचा काठ त्यांच्यावरून सरकतो आणि एकेक भोक पेट्रोल देऊ लागतं. मेन जेट जागं होईपर्यंतचा पूल तेवढाच. या भोकांना पेट्रोल आयडल जेटमधूनच येतं. म्हणजे आयडल जेट हे फक्त आयडलिंगचं नाही. शहरातलं अर्धं चालवणं त्याच्यावर असतं. आणि आयडलचा स्क्रू जास्त आत दाबून चकती आधीच उघडी ठेवली तर ती भोकं उभ्या गाडीतच खर्च होतात, पाय दिल्यावर द्यायला काही उरत नाही. माझे दोन्ही स्क्रू पाऊण फेऱ्याच्या आत आहेत, तो दोष नाही.

सायलेन्सरच्या तोंडाशी, चारही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, नट वेल्ड करून ऑक्सिजनचा वाइडबँड सेन्सर बसवला. ३ नंबरच्या प्लगच्या वॉशरखाली तापमानाची तार टाकली.

चौथ्या गिअरला ६०, पाय जेमतेम: लॅम्डा १.०६. हलका पाय वाढवताना क्षणभर १.१२. पूर्ण पाय: ०.९५. लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल आणि हवा हिशेबाला हिशेब. वर गेला की लीन (पेट्रोल कमी), खाली आला की रिच (पेट्रोल जास्त). हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला मी साध्या चालीत ०.९२ ते ०.९५ आणि पूर्ण पायावर ०.८७ च्या आसपास ठेवणार आहे. १.०६ वर पाण्याचं इंजिन आनंदाने चालेल. इथे हेड तापतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज प्लग काढून पाहिले आणि सेन्सरवरचा विश्वास थोडा आवरता घेतला. १ आणि २ फिक्या तपकिरी रंगाचे. ३ आणि ४ पांढरे. सेन्सर चारही नळ्यांच्या पुढे आहे, तो सगळ्यांची सरासरी दाखवतो. उजवी बाजू रिच आणि डावी लीन असली तरी तो समाधानाने मधला आकडा देईल. दोन कार्ब्युरेटरच्या इंजिनात हा मोठा धोका आहे, आणि ३ नंबर डावीकडेच आहे.

डाव्या बाजूला चोरटी हवा शोधायची होती. उदबत्तीचा धूर जोडाशी नेऊन बघायची एक जुनी रीत आहे. पेट्रोलच्या शेजारी ती मी करणार नाही. कार्ब क्लीनर फवारण्याचीही तीच भीती, खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. साबणाचं पाणी बारीक फवाऱ्याने जोडांवर मारलं. डाव्या मॅनिफोल्डच्या हेडकडच्या मागच्या कोपऱ्यावर पाणी पडलं आणि इंजिनाची चाल दोन क्षण बदलली. परत मारलं, परत बदलली.

मॅनिफोल्ड उतरवला. गॅस्केट एका बाजूला सरकून बसलेलं, कडेला जेमतेम दोन मिलिमीटर पकड. त्याखाली मॅनिफोल्डचा चेहराही सपाट नव्हता. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकारात घासला, निळी शाई लावून पाहिलं, परत घासला. सव्वा तास गेला. नवं गॅस्केट, नट दोन्हीकडून थोडे-थोडे करत आवळले.

आता डाव्याचा मिक्श्चर स्क्रू चारवरून तीनवर, उजव्याइतकाच. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, पण सारख्याच लीन.

मामांना फोन केला. मी विचारलं, "अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा फवारा वाढवू का? खड्डा भरेल."

"भरेल की. पण ते औषध नाही, पांघरूण आहे. हळू पाय दिलास की परत उघडं पडेल."

त्यांचं बरोबर आहे. अ‍ॅक्सिलरेटर पंप पाय झटकन दिल्यावरच फवारतो. माझा खड्डा सगळ्यांत वाईट पडतो तो हळू पायावर.

रविवार, ७ डिसेंबर

दोन्ही बाजू सारख्याच लीन का, हा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. उत्तर टाकीत सापडलं.

काचेच्या मोजनळीत ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घेतलं, बूच लावून हलवलं, पंधरा मिनिटं ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर २० वरून ३६ च्या जरासा खाली आला. म्हणजे ८० त जवळजवळ १६. वीस टक्के. पंपावर ई-२० लिहिलेलं असतं हे रोज दिसतं, पण नळीत तो थर वर चढताना पाहिला तेव्हा ते नीट पोचलं.

आता हिशेब. एक किलो निव्वळ पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. हे जेट ज्या पेट्रोलसाठी ठरले त्यात इथेनॉल नव्हतं. आजच्या गाड्यांचा कॉम्प्युटर इंधन आपोआप वाढवतो, कार्ब्युरेटरला पितळेचं भोक तेवढं ठाऊक.

भोकातून जाणारं इंधन क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. १३० चं १३५ केलं तर १३५ चा वर्ग भागिले १३० चा वर्ग, १.०७८. आठ टक्क्यांच्या जवळ. पूर्ण पायावरचं ०.९५ त्याने ०.८८ व्हायला हवं. आयडल ५० चं ५५ केलं तर वाढ २१ टक्के. फार वाटते, पण हलक्या पायावर मी १.१२ पर्यंत जातोय, तिथून ०.९२ ला यायला तेवढीच लागते. शिवाय मिक्श्चरचे स्क्रू अडीचच्या आत येतील.

मीटरवर १४.७ वगैरे आकडे न बघता लॅम्डाच का बघतो, तेही लिहून ठेवतो. सेन्सर मोजतो लॅम्डा, १४.७ हा आकडा मीटर स्वतः गुणून दाखवतो, टाकीत काय आहे हे न कळता. ई-२० असताना तो आकडा खोटा असतो, लॅम्डा खराच राहतो.

मागच्या सणाला गावी गेलो तेव्हा आमच्या भागातले उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे रांगेने उभे होते. त्या मळीचं, त्या रसाचं इथेनॉल होतं आणि तेच माझ्या जेटमधून जातं. उसाला पैसा मिळावा असंच मला वाटतं. माझे सख्खे चुलते ऊस लावतात. पण जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांनी जेट आणि होज बदलायला हवेत, आणि हे त्यांना पंपावर कोणी सांगत नाही. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. पावसाळ्यात दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाण्याचा वेगळा थर होऊ शकतो. माझी पावसाळ्यात उभी असते. पुढच्या जूनच्या आधी टाकी कशी ठेवायची ते ठरवायचं.

मेन १३५, आयडल ५५, दोन-दोन मागवले.

शनिवार, २० डिसेंबर

जेट आले. एका वेळी एकच बदल, हा नियम आज पाळणं जड गेलं, पण पाळला.

सकाळी फक्त आयडल जेट. गरम करून, जोडदांडा काढून, हवा जुळवून, मग मिक्श्चर. उजवा दोन, डावा दोन आणि थोडा. तीच रस्त्याची फेरी: ६० ला ०.९४. हळू पाय देताना ०.९२. खड्डा गेला. तीन सिग्नलवर मुद्दाम अगदी हळू पाय देऊन पाहिला. गाडी सायीसारखी निघाली. चौथ्या सिग्नलला काच खाली करून फक्त ऐकत राहिलो.

दुपारी मेन जेट. बायपासच्या रिकाम्या तुकड्यावर तिसऱ्यात पूर्ण पाय, ०.८८. कागदावरच्या हिशेबाइतकंच. एअर जेट आणि इमल्शन ट्यूबला हात लावला नाही. वरच्या फेऱ्यांवर आकडा सरळ राहतोय, तर कशाला लावायचा.

चारही प्लग नवे टाकले, जुन्यांवरचे डाग दिशाभूल करतील.

रविवार, २१ डिसेंबर

आता दांडा. कालच्या आनंदात एक गोष्ट राहून गेली होती: गाडी थंड असताना आयडलिंग ८५०, पूर्ण तापल्यावर ११००, आणि डावा उजव्यापेक्षा जास्त ओढतो. जोडदांडा काढला की परत सारखे.

थंड इंजिनावर दोन्ही आयडल स्क्रू आणि लिव्हर यांच्यामध्ये सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाची पट्टी ठेवली. दोन्ही घट्ट. वीस किलोमीटर चालवून आलो. उजवीकडची घट्ट, डावीकडची ओढताच निघून आली. म्हणजे गरम झाल्यावर दांडाच डावा थ्रॉटल जरासा उघडा धरतोय.

कारण धातूत आहे. मॅग्नेशियमची केस आणि अ‍ॅल्युमिनियमची हेडं तापली की इंजिन रुंदीला वाढतं. अर्ध्या मीटरला, सत्तर अंश वाढले की, जवळपास एक मिलिमीटर. दोन्ही कार्ब्युरेटर तेवढे एकमेकांपासून दूर सरकतात. वरचा आडवा दांडा पोलादी, मोकळ्या हवेत, तो इतका वाढत नाही. मग त्याच्यापासून खाली येणाऱ्या उभ्या सळ्या तिरक्या होतात आणि लिव्हर ओढतात. माझी उजवी सळी सरळ उभी होती, डावी आधीच तिरकी बसवलेली. तिरकी सळी त्या एका मिलिमीटरने जास्त ओढते.

डाव्या सळीचं वरचं कान दांड्यावर सरकवून दोन्ही सळ्या सारख्या उभ्या केल्या. लांबी गरम असतानाच, हातमोजे घालून, लावली. आधी मीटर २००० फेऱ्यांवर धरला, कारण आयडलिंगला जुळलेले कार्ब्युरेटर पायावर जुळलेलेच असतील असं नाही. दोन्हीकडे सारखा आला. मग आयडलिंग. थंड असताना आता आयडलिंग किंचित कमी, ८०० च्या आसपास. चालेल. ही गाडी गरम असतानाच जास्त चालते.

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

रजा काढून घाट. शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेत आकडे घेता येत नाहीत. मामा बरोबर आले, म्हणाले वाईपर्यंत बोलू नकोस, ऐकू दे.

पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, पाचगणी सुमारे १,३००. वर हवा साधारण सात टक्क्यांनी विरळ. कार्ब्युरेटरमधलं मिक्श्चर हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे तीन-साडेतीन टक्के रिच व्हायला हवं. पुण्यात ६० ला ०.९४. पाचगणीच्या टेबललँडखालच्या सपाट रस्त्यावर तोच वेग, तोच पाय: ०.९० आणि ०.९१ च्या मध्ये. जेट त्यासाठी बदलायची गरज नाही.

३ नंबरचं तापमान: वाईपर्यंत १६० ते १७० अंश सेल्सिअस. घाटात दुसऱ्या गिअरला, मागे एसटी लागलेली असताना, २०३ पर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. पुढच्या वळणावर बस पुढे जाऊ दिली, पाय जरा उचलला, दोन मिनिटांत १८५. नोव्हेंबरमध्ये कात्रजच्या छोट्या चढावरच, याच्या निम्म्या अंतरात, १९८ दिसलं होतं. तेव्हा मी ते वहीत लिहिलं नाही, आज लिहितो.

परत उतरताना रेस सोडल्यावरची फटफट पूर्ण गेली आहे. मामांनी वाईत चहा पिताना पहिल्यांदा तोंड उघडलं. "तिसरा अजून थोडा गरम वाजतो." मी विचारलं, वाजतो म्हणजे? त्यांनी टेबलावर बोटाने चार ठोके वाजवले, तिसरा किंचित कोरडा. मला गाडीत तो ऐकू आला नव्हता. येताना ऐकायचा प्रयत्न केला. शिरवळच्या पुढे एकदा आल्यासारखा वाटला.

रविवार, ११ जानेवारी

पीयूसीला नेली. आयडलिंगला धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.३ टक्के, पास. दोन टाक्यांची सरासरी लिटरला ११.१ किलोमीटर, जुन्या कार्ब्युरेटरवर १०.४ होती, अर्थात तो हवा चोरत होता, त्यामुळे ही तुलना पुरती न्यायाची नाही.

तेल बदललं. काढलेल्या तेलाचा वास घेतला, पेट्रोलचा वास नाही. लीनची भीती घालवताना मी फार रिच केलेलं नाही, याचा हा माझ्यापुरता पुरावा. टॅपेट परत थंड असताना पाहिले, चारही एक्झॉस्ट जागेवर. २ नंबर हलला नाही.

सध्याची स्थिती: आयडल ५५, मेन १३५, दोन्हीकडे. मिक्श्चर उजवा २, डावा २ आणि थोडा. आयडलचे स्क्रू पाऊण फेऱ्याच्या आत. दाब ३.२. टायमिंग रेसवर ३०. आयडलिंग गरम असताना ९००.

राहिलेलं काम एकच, पण मोठं: पंख्याचं आवरण. नंतरच्या रचनेचं, कूलर बाहेर असणारं आवरण आणि त्याचा कूलर मिळतो का ते बघतोय, म्हणजे तिसऱ्याला स्वतःची ताजी हवा मिळेल. इंजिन उतरवावं लागेल. मामा म्हणाले, उन्हाळ्याच्या आधी कर, मी येतो.

जुनी जेट, ५० ची आणि १३० ची, लहान डबीत घालून वर तारीख लिहिली. स्क्रूंची जागा कळावी म्हणून चारही स्क्रूंवर लेकीने लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका ठेवला.